बाराच्या उन्हात थांबणारा पंप

सुखदेवभाऊ,

तुमच्याविषयी लिहायला बसलो की आधी माझाच गाढवपणा कागदावर उतरतो. दोन कागद फाडले, तिसऱ्यावरही तेच. म्हटलं, राहू दे. तुम्हाला स्वतःची स्तुती ऐकायला कधी आवडली नाही, माझी फजिती मात्र तुम्ही दोन-दोनदा सांगायला लावायचे.

तुम्ही मला इंजिनेर म्हणायचे. मी आयटीआयचा वायरमन, नालवाडीच्या एका केंद्रातल्या सूर्यशक्ती विभागात लागलेला. विभाग म्हणजे एक टेबल, एक मीटर आणि मी. आमच्या साहेबांनी पहिलंच काम दिलं ते तुमच्या वस्तीतलं. पवनारच्या पुढं, धाम नदीच्या काठाकाठानं जाणारी पांदण जिथं संपते तिथल्या विहिरीवर आठ प्लेटा बसवायच्या. ऊन पडलं की प्लेटांतून वीज, विजेवर पंप, पंपाचं पाणी सिमेंटच्या टाकीत, टाकीला चार तोट्या.

प्लेटांची तोंडं दक्षिणेला हवीत, एवढं मला पाठ होतं. मी होकायंत्र काढलं आणि लोखंडी स्टँडवरच ठेवलं. लोखंडानं सुई फिरवली. दिवसभर घाम गाळून मी आठही प्लेटा पश्चिमेच्या कडुनिंबाकडं तोंड करून उभ्या केल्या. तुम्ही बांधावर बसून पाहत होते. शेवटचा नट आवळून झाला तेव्हा म्हणाले, "झालं? आता सूर्याले सांगा लागन, बाबू, यंदा निंबाच्या झाडातून निंगजो."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू इंजिनेर आहे ना बे. म्या म्हटलं, नालवाडीचा सूर्य अलग असन."

दुसऱ्या दिवशी सगळे नट खोलायला तुम्हीच पाना धरला. तिथून आपली जोडी जमली.

त्या विहिरीला कठडा नव्हता, हे पहिल्या दिवशी पाहिलं होतं. का नव्हता आणि तुम्ही तिच्यासाठी तीन वर्षं केंद्राच्या पायऱ्या का झिजवल्या, हे पुष्कळ उशिरा कळलं. तुम्ही ते एकदाच सांगितलं, प्लेट पुसता पुसता, माझ्याकडं न बघता. तुमची धाकटी बहीण सिंधू त्या विहिरीत गेली होती. वरच्या गावठाणातल्या विहिरीवर वस्तीतल्या बायांना दोर टाकता येत नसे, म्हणून वावरातली, ओलितापुरती खोदलेली ही बिनकठड्याची निसरडी विहीर. सकाळची सगळी कामं आटोपून ती पाण्याला निघाली तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. वाकली आणि गेली. घागर वर तरंगत राहिली, म्हणून कळलं. "या हिरीवर बाईनं वाकाचंच काम नोको," तुम्ही म्हणाले आणि पुढची प्लेट पुसायला लागले.

तेव्हापासून भर बाराला त्या विहिरीवर कुणी फिरकत नसे. आतून बाईच्या रडण्याचा आवाज येतो म्हणत. आणि माझं नशीब पाहा, सूर्याच्या प्लेटेची खरी परीक्षा बाराच्या उन्हातच होते.

तुम्ही भूत मानत नव्हते, देव मानत नव्हते. "इथं पूजाबिजा नाई. ओल्या कपड्यानं पुसाचं, थेच." पण एकदा मी सकाळच्या पहिल्या बसनं आलो तर तुम्ही पंपाच्या खटक्यापाशी उभे होते आणि विहिरीकडं तोंड करून हळू आवाजात बोलत होते. "सिंधू, सुरू करतो वो. हट जराशी." मग खटक्याची दांडी वर केली. मी तुम्हाला पकडायची संधी सोडली नाही.

"सुखदेवभाऊ, तुम्ही तर भूत मानत नाही."

"नाई मानत."

"मग हे कुणाशी बोलणं?"

"भूत नाई मानत बे. बहीण मानतो."

त्यावर आपला जो वाद सुरू झाला तो पाच वर्षं चालला. मी म्हणायचो, गेलेली बहीण आणि भूत, फरक काय? तुम्ही म्हणायचे, तुले बहीण नाई म्हणून तुले फरक नाई. वाद अजून मिटलेला नाही. आता तर तुमच्याकडं आतली खबर असणार, आणि नेमके आताच तुम्ही बोलायचे बंद झाले. ही काही वाद घालायची रीत नव्हे.

पंप लागला त्याच वर्षीच्या दसऱ्याचं सांगतो. म्हणजे तुम्हाला नाही, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे परवा कळलं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो.

दर दसऱ्याला तुम्ही वहिनींना आणि वस्तीला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. चार दिवस. जाताना खटक्याच्या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "सकाळी सुरू कराचा, प्लेटा पुसाच्या, बास. अन् पूजाबिजा काई करजो नोको. तुह्या सवयी मले मालूम हायेत."

नवमीला आमच्या घरी, सिंदी मेघ्याला, हत्यारांची पूजा. पक्कड, पेचकस, मीटर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग मनात आलं, ज्या यंत्रानं नोकरी दिली ते तेवढं बिनपूजेचं कसं ठेवायचं? हे झालं सांगायचं कारण. खरं कारण भीती. चार दिवस त्या विहिरीपाशी एकट्यानं जायचं होतं. मी सायकलला झेंडूची मनगटाएवढी जाड माळ अडकवली, खिशात तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि आलो. खालच्या रांगेतल्या तिसऱ्या प्लेटेला माळ घातली, चांगला झोल देऊन, भिंतीवरच्या फोटोला घालतात तशी. वर मधोमध, कपाळ समजून, शेंदराचा मोठा टिळा. हात जोडून म्हटलं, "सिंधूताई, सांभाळून घ्या." पंप चालूच ठेवला आणि सायकलवर असा सुटलो की पुढले तीन दिवस पुसायलाही आलो नाही. तुम्ही परतायच्या दिवशी सकाळी येऊन सुकलेली माळ धामेत सोडली, शेंदूर रॉकेलनं घासून काढला. काच लखलखीत. संध्याकाळी किल्ली तुमच्या हातात परत दिली, स्वतःवर खूश.

आठ दिवसांनी तुमचा निरोप आला. पंप बाराच्या सुमारास थांबतो, उन्हं कलली की आपसूक चालू होतो.

मी गेलो. सकाळी नऊला. सगळी मापं घेतली, मीटरचा काटा जिथं हवा तिथं. कागदावर लिहिलं, सर्व ठीक. पुन्हा निरोप आला. पुन्हा गेलो, या खेपेला दुपारी चारला. सर्व ठीक. असे माझे 'सर्व ठीक'चे चार कागद केंद्रात लागले आणि पंप रोज बाराला थांबत राहिला. वस्तीत कुजबुज सुरू झाली की सिंधूची वेळ झाली की सिंधूच थांबवते. टाकी पुरेनाशी झाली. दोघीतिघी पुन्हा घागर-दोर घेऊन विहिरीवर वाकायला लागल्या. तुम्ही त्यांच्या मागं, वाकणारीला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून उभे राहायचे, हे मी पाहिलं आणि तरीही बाराला थांबलो नाही. तिकडं साहेबांनी ठरवलं की येऊन बघतो, जमत नसेल तर सगळा संच उचलून दुसऱ्या गावी नेऊ.

तेव्हा तुम्ही माझ्या सायकलची हवाच सोडली. खरोखरची, दोन्ही चाकांची.

"बिमाराले ताप येते दुपारी अन् डाक्टर येते सकाळी. आज बस इथं. बारा वाजू दे."

बसलो. कपाशीच्या पऱ्हाटीत वारा नव्हता, पाखरं गप्प, आपल्या दोघांच्या सावल्या पायाखाली शिरलेल्या. पंपाची एकसुरी घरघर तेवढी चालू होती. माझी नजर मीटरवर आणि कान विहिरीकडं. बाराला थोडा अवकाश असताना काटा थरथरला, सावरला, पुन्हा थरथरला आणि निम्म्यावर कोसळला. घरघर विरत गेली. मग विहिरीतून आवाज आला. आधी एक लांब उसासा. मग हुंदके, थांबून थांबून, तीन, चार. मी तुमचा सदरा मुठीत धरला.

"पायपातलं पानी खाली उतरून राह्यलं," तुम्ही म्हणाले. "खालची झडप गळते. तूच तं सांगतलं होतं मले."

खरं होतं, मीच सांगितलं होतं. मी मान डोलावली. पण शेवटच्या हुंदक्यानंतर तुम्ही विहिरीकडं बघून "हो, हो" म्हणाले. ते कशाचं उत्तर होतं, हे मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

चार-चार प्लेटांच्या दोन रांगा. काटा निम्म्यावर म्हणजे एक रांग मेली, आणि रांगेतल्या एका प्लेटेतली वीज तुटली की चारही जातात, एवढं माझ्या डोक्यात आलं. पण कुठली? मी प्लेटा खोलून केंद्रात न्यायची भाषा करत होतो. "म्हणजे थंड्या झाल्यावर पाहाच्या, अन् मंग साऱ्या ठीकच दिसतीन," तुम्ही म्हणाले. "अबे, तापानं जाते ना? मंग इथंच एकेकीचा ताप उतरवून पाहू." तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा टाकीत बुडवला, पिळला आणि स्टँडखाली शिरले. समोरून नाही, सावली पडेल म्हणून. पाठीकडून, एकेका प्लेटेला, ताप भरलेल्या लेकराचं अंग पुसावं तसं पुसत गेले.

"हालला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

खालच्या रांगेतल्या तिसरीला तुम्ही दुपट्टा दाबून धरला. काटा उठला. पंप कण्हला आणि पाणी वर चढायला लागलं. तुम्ही हात काढला, काटा पडला. हात ठेवला, उठला. मी बरीच यंत्रं दुरुस्त केली आहेत, पण मेलेलं कुणाच्या हाताखाली उठून बसतं आणि हात काढला की पुन्हा मरतं, असं तेवढं एकदाच पाहिलं.

"इकडं ये," तुम्ही खालून म्हणाले. मी वाकून शिरलो. प्लेटेच्या पांढऱ्या पाठीवर तपकिरी डाग होते. एक नाही, ओळीनं. एका कडेहून झोल घेत खाली उतरलेले, पुन्हा दुसऱ्या कडेला चढलेले. आणि वर मधोमध एक एकटा. माझी माळ आणि माझा टिळा. समोरची काच आरशासारखी, माळ केव्हाच धामेच्या पाण्यात गेलेली, आणि मागं ती जशीच्या तशी उमटली होती, भाजून.

प्लेट म्हणजे ओळीनं जोडलेल्या चकत्या; ज्या चकतीवर सावली धरली जाते ती वीज देणं थांबवते, एवढंच नाही. शेजारणींची वीज अंगावर घेऊन ती आतल्या आत जळते. सांधे सुटतात. गार असले की ते चिकटून असतात, तापले की उघडतात. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तक टेबलावर होतं. मी झेंडू घेऊन सायकलवर होतो.

"हे काय होये?" तुम्ही विचारलं.

"कंपनीची खोट असेल."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. स्टँडखाली आपली तोंडं वीतभर अंतरावर होती. "असन," तुम्ही म्हणाले.

साहेब आले, डाग पाहिले. म्हणाले, "कंपनीची खोट असेल तर संचच परत पाठवावा लागेल. परत कधी येईल सांगता येत नाही." वस्तीतल्या बाया तोट्यांपाशी उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, सुखदेवभाऊ. पण त्यातून काही निघायच्या आत तुम्ही पुढं झाले.

"माही हयगय झाली साहेब. दसऱ्याले नागपूरले गेलतो. चार दिवस पुसलं नाई. पाखरायनं घाण केली, थे चिकटून राह्यली."

"यात्रा महत्त्वाची की पाणी?"

"पानी, साहेब."

"मग यापुढं दसऱ्याला इथून हलायचं नाही. तसं लिहून द्या. एक प्लेट बदलून देतो."

तुम्ही लिहून दिलं. पेन माझं होतं. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि पेन परत खिशाला लावलं.

हे केंद्राच्या पत्रिकेत छापून येईल तेव्हा साहेबही वाचतील. वाचोत. पाखरांनी काही केलं नव्हतं. तुम्हीही नाही.

त्यानंतर प्रत्येक दसऱ्याला वस्तीचा ट्रक निळे झेंडे लावून निघायचा आणि तुम्ही पांदणीच्या तोंडाशी उभे राहून सगळ्यांना जयभीम करायचे. ट्रकची धूळ बसली तरी तुमचा हात वरच असायचा. मी मुद्दाम त्याच दिवशी यायचो, सोबत म्हणून. येताना ठरवून यायचो की आज सांगायचं. मग तुम्ही होकायंत्राची गोष्ट काढायचे, मी ती आणखी मसाला लावून सांगायचो, तुम्ही खोकेपर्यंत हसायचे, वहिनी चहा द्यायच्या आणि मी चहा पिऊन परतीची बस धरायचो. हसवत राहिलं की माणसाला विचारायला फुरसत मिळत नाही, हा माझा हिशेब. तुम्ही कधी विचारलंच नाही, तेव्हा मला वाटलं जमलं.

परवा आलो, तुम्ही जाऊन पाचवा दिवस. कौसल्यावहिनी दारातच बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि या खेपेला, ऐकायला तुम्ही नाही म्हटल्यावर, धडाधडा सगळं सांगून टाकलं. माळ, शेंदूर, रॉकेल, पेन. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"मालूम हाये," त्या म्हणाल्या. "आमी नागपूरवरून आलो त्याच रोजी मालूम झालं यायले. तुह्या नखात शेंदूर होता."

मी नखांकडं पाहिलं. पाच वर्षांनी.

"मग बोलले का नाहीत?"

"म्याई इचारलं. तं म्हणे, त्याले बोलू दे. थो बोलला तं आयकून घेजो. नाई बोलला तं चहा देजो."

पाच वर्षांत किती कप झाले, ते मी मोजू लागलो. मग म्हणालो, "आणि आज?"

"आज चहा नाई," वहिनी म्हणाल्या. "आज बोलला ना." त्या हसल्या आणि हसता हसताच पदर तोंडात धरला. मग म्हणाल्या, "यंदाच्या दसऱ्याले मी जातो नागपूरले. चार दिवस तू राह्य हिरीवर. अन् आता चाल, थो पंप बंद करून दे. कोणी हात लावून नाई राह्यलं त्याले."

काय झालं होतं ते वाटेत कळलं. गेले त्या दिवशी सकाळी तुम्ही पंप सुरू केला, दुपारी अंग मोडून आलं म्हणून घरी येऊन पडले ते उठले नाहीत. खटका तसाच राहिला. ऊन मावळलं की पंप थांबतो, उगवलं की आपला आपण चालतो. तुम्ही गेल्यावर रोज सकाळी तो चालू होत होता, आणि वस्ती लांबून बघत होती. भूत न मानणारी तुमची वस्ती. टाकी भरून वाहत होती, पीक निघून उलंगलेल्या वावरात तळं साचलं होतं आणि त्यात आठ प्लेटा उलट्या दिसत होत्या.

"बंद करायचा?" मी विचारलं. "शेवटचा हात त्यांचा आहे यावर."

"पानी वाह्या जाऊन राह्यलं," वहिनी म्हणाल्या. "यायले चाललं असतं का?"

नसतं चाललं. मी पेटी उघडली. भर बारा वाजले होते, हे नंतर लक्षात आलं. खटक्याची दांडी हाताला लागली ती कोमट होती, नुकताच कुणी हात काढून घ्यावा इतपत कोमट. कारण मला ठाऊक आहे. चैत्राचं ऊन, लोखंडी पेटी, आत कोंडलेली हवा. मागाल तर लिहून देतो. दांडी खाली ओढली. पंप थांबला. वहिनी वाट बघत होत्या, तरी मी हात बराच वेळ तिथंच ठेवला.